पेटी, कॅसिओ आणि वर्कस्टेशन

आमच्या नांदेड-लातूरकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, विजेवर चालणारं कुठलंही वाद्य म्हणजे कॅसिओ. मग त्यावर यामाहा लिहिलेलं असो, रोलंड असो नाहीतर कॉर्ग. "ऑर्केस्ट्रात कॅसिओवर कोण आहे?" असंच विचारतात. डालडा आणि झेरॉक्सच्या पंगतीत जाऊन बसलेला हा शब्द. गंमत म्हणजे हे मूळ एका जपानी कुटुंबाचं आडनाव, काशिओ. कंपनी कॅल्क्युलेटर आणि घड्याळं करणारी. तिचा पहिला कीबोर्ड, कॅसिओटोन २०१, १९८० साली आला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत टोकियोतलं एक आडनाव आमच्या गावच्या वरातीत सामान्यनाम होऊन नाचायला लागलं.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा लातूरचा भाचा. त्याचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. भक्तिगीतं, भीमगीतं, निवडणुकीत प्रचाराची गाणी, लग्नाच्या व्हिडिओला पार्श्वसंगीत, अशी कामं करतो. आजवर कॉम्प्युटर आणि एक छोटा कीबोर्ड यावर भागवलं. आता त्याला 'वर्कस्टेशन' घ्यायचं आहे, आणि पैसे येणार आहेत सोयाबीनचे. त्याचा प्रश्न साधा : "मामा, कोणतं घेऊ?" माझ्या बहिणीचा प्रश्न त्याहून साधा : "एवढ्या पैशात त्या डब्यात असं आहे तरी काय?"

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर दुकानदारही देईल. बहिणीचा प्रश्न मात्र दीडशे वर्षं जुना आहे. घरात पट्ट्यांचं वाद्य आणलं की काय येतं आणि काय जातं, हा तो प्रश्न. आणि मला वाटतं, तो आधी सोडवला तर भाच्याचं उत्तर आपोआप निघतं. म्हणून जरा मागे जाऊ.

हार्मोनियम ही आपल्याला इतकी आपली वाटते की ती फ्रान्समधून आली हे सांगितलं तर भजनी मंडळातली म्हातारी माणसं हसतात. पण अलेक्झांद्र दबेननं तिचं पेटंट घेतलं पॅरिसला, १८४० च्या सुमारास. तिकडे ती टेबलाएवढी, खुर्चीवर बसून पायानं भाता मारायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये दुकान काढलं आणि पुढे १८८० च्या दशकात पायाचा भाता काढून हाताचा भाता बसवलेली, जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी चालू केली. एका हातानं भाता, दुसऱ्या हातानं सूर. मांडीवर, बैलगाडीत, देवळात, कुठेही न्या. तंबोऱ्यासारखी दर वेळी जुळवायची कटकट नाही. पावसाळ्यात चामडं आणि तारा उतरतात, पेटीचे सूर मात्र जवळपास जागच्या जागी. खेड्यातल्या भजनाला आणखी काय पाहिजे?

मराठी नाटकवाल्यांनी तर पट्ट्यांच्या वाद्याला डोक्यावर घेतलं. गोविंदराव टेंबे हे नावाजलेले पेटीवादक, आणि १९११ च्या 'मानापमान'चं संगीत त्यांचंच. पुढे गंधर्व नाटक मंडळीत पायाचा ऑर्गन आला. पण एक गोष्ट बघा. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असत आणि त्याच पिटात कादरबक्ष सारंगीवर असत. तबल्यावर थिरकवाँ. म्हणजे भरीव, स्थिर आधार द्यायला ऑर्गन, आणि गळ्याच्या मागे मागे घसरत जायला सारंगी. हातात ऑर्गन आहे म्हणून सारंगीवाल्याला कुणी घरी पाठवलं नाही. ही बैठक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पेटीत खोट काय, ते गाणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. दोन खोटी. एक म्हणजे मींड नाही. 'सा'वरून 'प'वर सरकत जाता येत नाही, उडी मारावी लागते. दरबारीचा कोमल गंधार जागेवर उभा राहातच नाही, तो झुलतो. पट्टीला झुलता येत नाही. दुसरी खोट मोजता येण्यासारखी. आजच्या कीबोर्डमध्ये सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. एका भागाचे शंभर बारीक भाग मानले तर त्याला सेंट म्हणतात. तंबोऱ्याच्या खर्जात कान लावला तर आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार 'सा'पासून ३८६ सेंटवर आहे, पट्टीवरचा आहे ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा. कोमल गंधार असाच जवळपास १६ सेंट उतरलेला. पंचम मात्र दोनच सेंटनं चुकतो, म्हणून पंचमावर कुणाचं भांडण नाही. तंबोरा चालू ठेवून कीबोर्डवर शुद्ध 'ग' दाबून धरा, जो किरकिरेपणा ऐकू येईल तो हा.

यावर उपाय शोधणारा माणूस सांगलीचा. कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशानं डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला, आयसीएस अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्याबरोबर श्रुती-हार्मोनियम करवून घेतलं आणि या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचाही आधार घेतला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर बरीच चर्चा झाली आणि ती पेटी काही मान्य झाली नाही. अलीकडच्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा बावीस श्रुतींची हार्मोनियम केली. शंभर वर्षं एकच खटपट चालू आहे, आणि ती करणारे दोघेही व्यवसायानं गवई नव्हेत, एक महसूल खात्यातले, एक डॉक्टर! मराठी माणसाला नाद लागला की तो असा.

मग बंदी. जानेवारी १९४० मध्ये रवींद्रनाथांनी रेडिओला पत्र लिहून पेटी बंद करा म्हणून कळवलं आणि त्याच वर्षी मार्चपासून ऑल इंडिया रेडिओवरून हार्मोनियम हद्दपार झाली. ती परतली १९७१ च्या सुमारास, तीही आधी फक्त साथीला. तीस वर्षं! आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादचं डेक्कन रेडिओ निजामाचं होतं, त्यामुळे दिल्लीचा हा हुकूम म्हणजे आमच्या लेखी परराज्यातली बातमी. नांदेडला मात्र हा वाद आजही परका नाही. सचखंड गुरुद्वारात कीर्तनाला पेटी आणि तबला असतो, ऐकत बसावं असा. मे २०२२ मध्ये अमृतसरला अकाल तख्ताच्या जथेदारांनी सांगितलं की सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून हार्मोनियम तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं कमी करून रबाबासारखी मूळ तंतुवाद्यं परत आणावीत. म्हणजे १९४० चा मुद्दा २०२२ मध्येही तसाच जिवंत.

आता विजेकडे वळू. आपल्या कानावर विजेचं पट्टीवाद्य पहिल्यांदा ठसठशीतपणे पडलं ते १९५४ च्या 'नागिन' सिनेमात. संगीत हेमंतकुमारांचं, आणि ती सुप्रसिद्ध पुंगी ही पुंगी नव्हतीच! कल्याणजींनी (पुढचे कल्याणजी-आनंदजीमधले) क्लॅव्हियोलीन नावाच्या वाद्यावर ती वाजवली. ती नागाची धून आजही आमच्याकडच्या प्रत्येक वरातीत वाजते, रुमाल तोंडात धरून मंडळी जमिनीवर लोळतात. गारुड्याची नक्कल यंत्रानं केली, यंत्राची नक्कल बँडवाल्यांनी केली, आणि आज मूळ गारुडी कुणाला आठवत नाही.

बँडवाल्यांवरून बेंजो आठवला. आमच्याकडे बेंजो म्हणतात ते म्हणजे बुलबुलतरंग. तारांचं वाद्य, पण वरून टाइपरायटरसारखी बटणं. याचा जन्मही जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो नावाचं वाद्य केलं, त्याचा हा आपल्याकडचा भाऊ. (रवी जाधवांचा २०१६ चा 'बँजो' सिनेमा यावरच, आणि त्यातला नायक रितेश देशमुख म्हणजे लातूरचाच.) तेव्हा कॅसिओ येण्याच्या कितीतरी आधी एक जपानी पट्टीवाद्य आपल्या लग्नात शिरलं होतं. तारेला आकडी लावली, पिकअप बसवला, भोंगा जोडला, आणि ते आपलं झालं. आपण वाद्य विकत घेतो आणि मग त्याचं काहीतरी भलतंच करतो, ही आपली खरी परंपरा.

याचा कळस म्हणजे चरणजित सिंग. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदात वाजवणारा कलावंत. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं, ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८, समोर ठेवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ललित, यमन वगैरे. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय होती. पट्टीवाद्याला मींड नाही या जुन्या तक्रारीला यंत्रातच सापडलेलं हे उत्तर! रेकॉर्ड विकली गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चक्रावले, कारण शिकागोत १९८७ च्या सुमारास ज्याला अ‍ॅसिड हाउस म्हणू लागले, त्याच्या फार जवळचं काहीतरी मुंबईत पाच वर्षं आधी होऊन गेलं होतं. २०१५ मध्ये चरणजित सिंग गेले.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे, डब्यात आहे काय? १९८३ मध्ये मिडी नावाची एक सर्वमान्य भाषा ठरली, त्यामुळे एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू लागलं. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स७ आला. आणि १९८८ मध्ये कॉर्गचा एम१. असे प्रयत्न त्याआधीही झाले होते, पण वर्कस्टेशन हा शब्द रूढ केला तो एम१ नं. एकाच खोक्यात पट्ट्या, खऱ्या वाद्यांच्या नमुन्यांवरून केलेले आवाज, ड्रम, घुमारा वगैरे इफेक्ट आणि आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर. सिक्वेन्सर आवाज साठवत नाही. कोणती पट्टी कधी, किती जोरात, किती वेळ दाबली याची नोंद ठेवतो. थोडक्यात स्वरलिपीची वही, पण स्वतः वाजणारी. एम१ मधले सगळे आवाज मिळून चार मेगाबाइट. आज सकाळी नातेवाइकांनी पाठवलेल्या 'शुभ सकाळ'च्या चित्रांना याहून जास्त जागा लागते! (रागावू नका, पाठवत जा.) त्यानंतर १९९५ ला ट्रिनिटी, १९९९ ला ट्रायटन, २००१ ला यामाहाचा मोटिफ आणि रोलंडचा फँटम अशी रांग लागली.

याचा परिणाम दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी झाला. १९९२ मध्ये 'रोजा'चं संगीत आलं, ते रहमाननं चेन्नईत घराशेजारच्या स्वतःच्या स्टुडिओत बांधलेलं. नव्वदच्या दशकात मुंबईचे शंभर-शंभर माणसांचे वाद्यवृंद मोडत गेले. व्हायोलिनवाले, चेलोवाले, त्यातले कितीतरी गोव्याचे, बिनकामाचे झाले. ही बाजू खरीच. पण लातूरला कधी शंभर व्हायोलिनं नव्हतीच. इथल्या गायकाला कॅसेट काढायची तर मुंबई-पुण्याला जायचं, तिथे राहायचं, तासाचं भाडं भरायचं. वर्कस्टेशन आणि पुढे कॉम्प्युटर आला म्हणून ते काम गावातल्या खोलीत आलं. मुंबईत ज्या यंत्रानं पोट मारलं त्यानंच आमच्याकडे पोट भरलं.

अर्थात आमच्या विजेची साथ हवी. २००५ नंतरची काही वर्षं आठवतात? भारनियमन! त्या काळच्या बऱ्याच वर्कस्टेशनमध्ये सिक्वेन्सरची मेमरी तात्पुरती असायची. वीज गेली की बांधलेलं गाणं गेलं. म्हणून शहाणे वादक दर दहा मिनिटांनी फ्लॉपीत साठवत. जपानमधल्या इंजिनियरनं सगळा विचार केला असेल, महावितरणचा केला नसेल.

पण पोट भरण्याच्या हिशेबात एक बारीक फट आहे, आणि मला खरं बोलायचंय ते तिच्याबद्दल. यंत्रानं आमच्याकडे व्हायोलिनवाल्याची जागा घेतली नाही, कारण तो नव्हताच. त्यानं जागा घेतली ढोलकीवाल्याची, संबळवाल्याची, हलगीवाल्याची, बेंजोवाल्याची. लातूरहून तुळजापूर जवळ, नांदेड जिल्ह्यात माहूर. या दोन देवींच्या मधला हा सगळा मुलूख गोंधळी-आराध्यांचा. संबळ, तुणतुणं, चौंडकं, झांज हे इथलं मूळ वाजवणं. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळी आणि तमाशाचे फड येतात. आणि या मुलखातल्या देवीच्या गाण्यात आज संबळ कुठला? बटणातला. भारतीय बाजारासाठी कंपन्यांनी खास मॉडेल काढली, कुणाच्या नावापुढे 'आय', कुणाच्या पुढे 'इन'. त्यात ढोलकी, तबला, बासरी, सनई असे आवाज भरले. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण तोच एक ठोका, त्याच एका जोरानं, शेकडो गाण्यांत. संबळाची गंमत डाव्या हाताच्या घुमाऱ्यात आणि गोंधळ चढत जाताना आपोआप वाढणाऱ्या लयीत आहे. ती ठरावीक गतीच्या चौकटीत बसत नाही. पट्टीला गंधार झुलवता येत नव्हता, आता लयही झुलत नाही.

मग कोणतं घ्यावं? गंधर्व मंडळीच्या पिटातून मिळणारा धडा मला सरळ वाटतो : जे आपल्या गल्लीत नाही ते पेटीतून घ्या, जे गल्लीत आहे ते माणसाकडून घ्या. हा नियम लावला की निवड सोपी होते.

१. आवाजांची संख्या बघून भुलू नका. हजार असोत की तीन हजार, कामाला येतात तीस-चाळीस. पियानो, स्ट्रिंग्ज, ब्रास, बेस, पॅड आणि ऑर्गन ऐका. 'इंडियन टोन' सगळ्यात शेवटी ऐका, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

२. दुकानात आधी डेमो बंद करायला सांगा. डेमो वाजवणारा कंपनीचा माणूस असतो, तुम्ही नसता. मोबाईलवर तंबोरा लावा, काळी एक किंवा पांढरी चार, जे तुमच्या गायकाचं असेल ते. मग शुद्ध गंधार १४ सेंट खाली आणता येतो का ते बघा. बहुतेक चांगल्या वाद्यांत स्केल ट्यूनिंगची सोय असते, पण ती किती खोल मेनूत दडवली आहे हे महत्त्वाचं. रोज लागणारी गोष्ट सहा पडदे उघडून मिळत असेल तर ती नसल्यासारखीच.

३. मींडेसाठी डावा हात तपासा. यामाहाला सहसा चाकं असतात, रोलंडला आडवी ढकलायची दांडी, कॉर्गला जॉयस्टिक. तिघांची ढब वेगळी. दोन स्वरांऐवजी पाच स्वरांची खेच लावून सनईचा आवाज घसरवून बघा. ज्या हाताला जे जमेल ते.

४. कॉम्प्युटर आधीच असेल तर यंत्रातल्या सिक्वेन्सरसाठी वेगळी मोठी रक्कम मोजण्यात फार अर्थ नाही. तो लागतो स्टेजवर जाणाऱ्याला. मोडेक्स (२०१८), नवा फँटम (२०१९), नॉटिलस (२०२०) ही यंत्रं सुंदर आहेत, पण स्टुडिओत बसून काम करणाऱ्यानं त्यांच्यातला कोणता अर्धा भाग आपण वापरणार, हे आधी कागदावर लिहावं.

५. दुरुस्ती कुठे होते ते विचारा. नांदेडकरांना हैदराबाद, लातूरकरांना पुणे. आमच्याकडची धूळ पट्ट्यांच्या खाली जाते आणि दोन-तीन वर्षांत एखादी पट्टी मुकी होते. जुनं घेताना प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी दाबून बघा.

या सगळ्याचा हिशेब मी भाच्याला असा मांडून दिला : सगळ्यात महागडं यंत्र घेऊ नको. मधल्या दर्जाचं घे, जमलं तर चांगल्या हातचं जुनं. उरलेल्या पैशात दोन बरे मायक्रोफोन घे, खोलीच्या भिंतींना गोधड्या लाव, आणि देवीच्या पुढच्या गाण्याला एक संबळवाला बोलाव. त्याची बिदागी यंत्राच्या किमतीत धर. बहिणीला हे पटलं, कारण रक्कम कमी झाली. भाच्याला अर्धंच पटलं. त्याचं म्हणणं असं की गिऱ्हाईक दोन दिवसांत गाणं मागतं, संबळवाला येईपर्यंत निवडणूक होऊन जाते. त्याचंही खरं आहे. प्रचाराच्या गाण्याला बटण चालेल. पण वर्षातून चार गाणी तरी अशी असतात की ती दहा वर्षांनी ऐकली जाणार. ती कोणती, एवढं ओळखता आलं तरी पुरे.

लातूरला मिरजेशी जोडणारी एक रेल्वे आहे, पूर्वी बार्शी लाइटची नॅरोगेज. मिरज म्हणजे तंबोरे-सतारींचं गाव. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं ते पाहिलं. पाणी संपलं की आपल्याला लगेच कळतं, रेल्वे मागवतो. वाजवणारा माणूस संपला तर बटण असतंच, म्हणून कळायला फार उशीर लागतो.

असो, बरंच लांबलं. नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्या घराण्यात कुणाकडे जुनी पेटी माळ्यावर पडली असेल, तर भाता फाटला म्हणून भंगारात देऊ नका. भाता बदलता येतो. आणि कुणाच्या गावात अजून संबळ वाजवणारं घर असेल तर मला जरूर कळवा. भाच्याला नंबर द्यायचाय.